पाण्याआडची लग्नपत्रिका

आमच्या डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात गवंड्याची पाणसळ असायची. छाती तपासायचं यंत्र ते कधी कधी टेबलावर विसरून येत, मग सिस्टर ते घेऊन मागून धावत. पाणसळ विसरलेली मी एकदाही पाहिली नाही. पिवळ्या रंगाची, वीतभर लांब, मधल्या काचेत बुडबुडा असलेली. भिंत सरळ चढते की नाही ते बघायला गवंडी ठेवतात तीच. पहिल्या दिवशी मला वाटलं, दवाखान्याचं बांधकाम चालू असेल आणि डॉक्टर स्वतःच देखरेख करत असतील.

मेंदूची ऑपरेशनं करणारा माणूस असा दिसतो हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पायात रबरी स्लीपर, पँट घोट्याच्या वर, केस कोणी घरीच कापल्यासारखे. मोठ्या शहरात पुष्कळ वर्षं काम करून ते बऱ्हाणपूरला परत आले होते आणि लालबागच्या रस्त्यावर बारा खाटांचा दवाखाना चालवत होते. हात धुवायला लागले की कोपरापर्यंत धूत आणि इतका वेळ धूत की मागे उभा असलेला माणूस पाय बदलत राही. नातेवाइकांनाही तसेच धुवायला लावत. नळ कोपरानं बंद करायचा. हातानं केला की पुन्हा पहिल्यापासून. धूलकोटचे एक म्हातारे बाबा मुलाला भेटायला आले होते, त्यांना तीनदा धुवावे लागले. ते म्हणाले, एवढे हात मी लग्नातबी धुतले नव्हते. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "म्हणून तर आता धुवा."

"ठीक होईल" हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नाही. पेशंट कसा आहे विचारलं तर ताप किती, लघवी किती झाली, डोळे उघडले का, एवढंच सांगत. एकदा मी रडत होते तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, काळजी करू नका. डॉक्टर जाता जाता थांबले आणि म्हणाले, "करू द्या काळजी. फक्त हात धुऊन करा."

आणखी एक सवय होती. बेशुद्ध माणसालाही ते विचारल्याशिवाय हात लावत नसत. आमच्या यांच्या खाटेजवळ आले की वाकून कानाशी सांगत, "दादा, मी डॉक्टर. पाठीकडून बघतो आहे. हात गार आहे माझा." मग थोडं थांबत, जसं काही हे उत्तर देणार आहेत. माझे दीर तोंडावर रुमाल धरून हसायचे. नंतर नंतर मी पाहिलं, दीरही यांना पाणी पाजण्याआधी सांगायला लागले होते, दादा, चमचा आणतो हं.

यांच्या डोक्यात गाठ निघाली होती. केळीच्या बागेत उभे असताना हात वाकडा झाला आणि हे आळ्यातच पडले. ऑपरेशन याच डॉक्टरांनी केलं. चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी उशीला टेकून यांनी खिचडी खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, आता घरी जायचं. आठव्या दिवशी ताप चढला. खिडकीतला उजेड सोसेना. मान पुढे वाकेना, नुसती लाकडासारखी. दुपारी यांनी मला हाक मारली ती माझ्या सासूच्या नावानं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढलं. बाहेर आले तेव्हा काचेची बारीक नळी त्यांच्या हातात होती आणि त्यातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. दीर भांडायच्या तयारीनंच उभे होते. आधीच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की आज मी डॉक्टरले सोडत नाही. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधीच डॉक्टर बोलले.

"मेंदूभोवती आणि मणक्यात पाणी असतं. त्यात जंतू शिरलेत. डोकं मी उघडलं होतं, म्हणजे माझ्याच वाटेनं शिरले. यात माणूस दगावू शकतो. वाचला तरी बुद्धी पूर्ण राहील असं मी सांगू शकत नाही."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानंच कबुली दिली की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.  दीर हळूच म्हणाले, मंग आता?

मग डॉक्टर भिंतीला टेकून आम्हाला समजावून सांगू लागले. शिरेतून दिलेलं औषध त्या पाण्यापर्यंत थोडंच पोचतं. म्हणून कमरेच्या मणक्यात बारीक नळी बसवायची, तिचं दुसरं टोक खाटेशेजारच्या बाटलीत सोडायचं आणि घाण झालेलं पाणी थेंब थेंब बाहेर येऊ द्यायचं. रोज त्याच नळीतून थोडं औषध आत सोडायचं आणि नळी थोडा वेळ बंद ठेवायची. जेवढं पाणी निघेल तेवढं नवं पाणी शरीर आतून तयार करतं. मला हे लगेच समजलं. बागेत पाणी साचून मुळं कुजायला लागली की आम्ही चर काढतो. पण सगळं पाणी एकदम पळालं तर मातीही जाते.

पाणसळ कशाला ते त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी एक लाकडी पट्टी घेतली, तिचं एक टोक यांच्या कानाच्या भोकाशी धरलं, दुसरं बाटलीच्या खुणेशी, आणि पट्टीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये येईपर्यंत बाटली वरखाली केली. कानापासून बाटलीची जी उंची ठरवली ती केसभर हलता कामा नये. बाटली खाली गेली तर पाणी धारेनं पळेल आणि मेंदूला ओढ बसेल. वर गेली तर पाणी येणारच नाही. खाट उचलायची असेल, यांना कुशीवर करायचं असेल, तर आधी नळीचा खटका बंद. ते मला त्यांनी स्वतः शिकवलं. माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. मी मान खाली घालून करत होते. मला म्हणाले, "बाई, माझ्याकडे बघू नका तर नका. बुडबुड्याकडे बघा."

दोनच दिवसांत त्याचा उपयोग झाला. दीर इच्छापूरला जाऊन देवीचं कुंकू घेऊन आले होते. मी यांचे कपडे पिळायला मागे गेले होते. दीरांनी पाहिलं, बाजूच्या पेशंटची लघवीची थैली खाटेखाली लोंबते आहे आणि आपल्या भावाची बाटली मात्र एवढ्या वर टांगली आहे. त्यांना वाटलं, म्हणूनच पाणी नीट उतरत नाही. त्यांनी स्क्रू ढिला केला आणि बाटली खाटेच्या खाली बांधली. चांगलं केल्याच्या आनंदात भावाच्या कपाळाला कुंकू लावत होते.

मी आले तर नळीत थेंब नव्हते, धार होती. मी काही ओरडले नाही, मला ओरडता येत नाही. जाऊन खटका बंद केला. यांनी तोंड वाकडं केलं आणि ओकारी काढली. सिस्टर धावत आल्या आणि दीरांना म्हणाल्या, भैया, ये पेशाब की थैली नहीं है. डॉक्टर आले. बाहुल्या पाहिल्या, बाटलीतलं पाणी मोजलं, यांच्या कानाशी वाकून माफी मागितली. मग दीरांकडे वळले. मला वाटलं, आता दीरांना हाकलून देतील. डॉक्टरांनी खिशातून पाणसळ काढली आणि दीरांच्या हातावर ठेवली. म्हणाले, आजपासून दर दोन तासांनी बाटली तुम्ही लावायची, मला दाखवायचं. दीरांचं शिक्षण बारावी. त्या दिवसापासून ते पाणसळ घेऊन खाटेभोवती असे फिरत की सिस्टर त्यांना ठेकेदारसाहब म्हणायला लागल्या.

पण मला जे सांगायचं आहे ते वेगळंच.

रोज सकाळी डॉक्टर नळीतलं ताजं पाणी काचेच्या छोट्या नळीत घेत, खिडकीशी येत, आणि कोटाच्या दुसऱ्या खिशातून एक लग्नपत्रिका काढत. नळी पत्रिकेसमोर धरत आणि मला म्हणत, "वाचा."

पहिल्या दिवशी मी घाबरले. चौथी पास झाल्यावर चारचौघांत मी काही वाचलं नव्हतं. घरी दुकानाच्या पाकिटावरचं वाचते, ते मनात. त्या खोलीत चार खाटा, नातेवाईक, सिस्टर. डॉक्टरांनी वाट पाहिली. मी नळीतून पाहिलं. पत्रिकेवर काही छापलं आहे एवढंही दिसत नव्हतं, नुसतं दूध. मी मान हलवली. "बोलून सांगा," ते म्हणाले. मी म्हटलं, काहीच नाही दिसत. तेवढं म्हणायला मला घाम फुटला.

त्यांचा हिशोब साधा होता. पाणी निवळायला लागलं की आधी नवरा-नवरीची मोठी नावं दिसतील, मग तारीख, मग पत्ता, आणि अगदी तळाला पोराटोरांच्या नावानं छापलेली बारीक ओळ असते ती सगळ्यात शेवटी. पाणी तपासायला ते रोज पाठवतच होते, पण तो कागद संध्याकाळी येई. सकाळी ते आधी असं बघत.

चौथ्या दिवशीही पाणी तसंच गढूळ. ताप उतरेना. यांनी डोळे उघडले तरी ते कुठेच बघत नव्हते. संध्याकाळी दीर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "वैनी, उद्या सकाळी पाणी साफ नाही झालं तं दादाले इंदूरले नेऊ. मी गाडी सांगून ठेवली." डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते की एक-दोन दिवस यांना हलवणं धोक्याचं आहे, रस्त्यात ही बाटली सांभाळणं सोपं नाही. मी दीरांना काही बोलले नाही. कधीच बोलले नव्हते. पण चार दिवस ती एकच पत्रिका नळीच्या बाहेर मी इतकी पाहिली होती की मला ती पाठ झाली होती.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी नळी धरली. मी खाली बघतच वाचायला लागले. मुलाचं नाव, मुलीचं नाव, तिथी, वेळ, मंगल कार्यालय, आणि शेवटची ओळसुद्धा, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. एक अक्षर चुकलं नाही. दीर दारातून ऐकत होते, त्यांचा चेहरा फुलला. माझं वाचन संपलं तरी डॉक्टर काही बोलेनात म्हणून मी वर पाहिलं. नळीच्या मागे पत्रिका नव्हतीच. डॉक्टरांचा तळहात होता. पत्रिका त्यांनी कधीच खिशात ठेवली होती.

धरणी फाटावी असं वाटलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते दीरांना म्हणाले, पाणी कालच्याइतकंच गढूळ आहे. मग मला म्हणाले, "बाई, तुमचं पाठांतर चांगलं आहे. मला पाठांतर नको, डोळे पाहिजेत. मी रोज सकाळी या पाण्याकडे बघतो ना, तर मला ते निवळलेलं दिसतं. रोज. कारण मला तसं दिसायला हवं आहे. म्हणून मी दुसऱ्याला वाचायला लावतो. आता तुम्हीपण माझ्यासारखंच केलं तर मी कोणाला विचारू?"

एवढा शिकलेला माणूस आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही, आणि चौथी पास बाईला डोळे मागतो. मी आजवर पुष्कळ मोठी माणसं पाहिली, मंत्रीसुद्धा पाहिले, गावात सभेला आलेले. कोणाहीसमोर माझं मन असं वाकलं नाही.

दीर म्हणाले, मंग आम्ही दादाले नेतो. डॉक्टरांनी अडवलं नाही. म्हणाले, न्यायचं असेल तर मी तिकडे फोन करतो आणि बाटली धरून गाडीत स्वतः बसतो. पण माझं मत विचाराल तर दोन दिवस हलवू नका. या पाण्यात कोणते जंतू आहेत त्याचा पक्का कागद उद्या येतो. मग औषध बदलता येईल. दीरांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. खाली गाडी उभी होती, तिचं इंजिन ऐकू येत होतं. मी म्हटलं, "नाही न्यायचं."

लग्नाला एकवीस वर्षं झाली, घरातलं एवढं मोठं मी कधी ठरवलं नव्हतं. साडी कोणती घ्यायची तेही नाही. आणि ठरवलं ते हे. गाडी परत गेली आणि मी यांच्या पायाशी बसून राहिले. हे गेले तर माझ्या शब्दानं गेले, असं गाव म्हणेल. गावाचं सोडा, मीच म्हणेन. तो दिवस मी कसा काढला ते मला लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी कागद आला. औषध बदललं. शिरेतलंही आणि नळीतलंही. आणि डॉक्टरांनी पत्रिकाही बदलली. रोज नवी पत्रिका आणत. सिस्टरनी मला सांगितलं, सरांच्या टेबलाचा एक पूर्ण खण पत्रिकांनी भरलेला आहे. बोलावणं सगळ्यांचं येतं, जात कोणाकडेच नाहीत, पण पत्रिका एकही फेकत नाहीत. त्यात मराठी होत्या, हिंदी होत्या, एक तर गुजरातीही निघाली. ती मी हातात घेऊन उलटसुलट करत राहिले, तेव्हा त्यांनीच जीभ चावली आणि दुसरी आणली.

सातव्या दिवशी मला मुलीचं नाव दिसलं, पण मुलाचं नाही. मी तसंच सांगितलं. आठव्या दिवशी दोन्ही दिसली, तारीख पुसट. डॉक्टरांनी विचारलं, सोळा की अठरा? मी म्हटलं, नाही सांगता येत. ते म्हणाले, शाबास. आयुष्यात मला कोणी शाबास म्हटलं असेल तर ते "येत नाही" म्हटल्याबद्दल. त्याच दिवशी ताप शंभराच्या खाली आला. हे डोळ्यांनी माझ्या मागे मागे बघायला लागले, पण बोलत नव्हते. मला ओळखत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरही काही सांगत नव्हते.

दहाव्या दिवशी पत्रिका हिंदी होती. नळीत पाणी आहे की नाही असं वाटावं इतकं ते स्वच्छ होतं. मी वाचत गेले. नावं, तारीख, वार, धर्मशाळेचा पत्ता. आवाज माझा मलाच ऐकू येत होता. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लहान मुलांच्या बोबड्या बोलीतली ओळ होती. तीही वाचली. "मेली बुआ की छादी में जलूल जलूल आना."

खाटेवरून आवाज आला. खरखरीत, बारीक.

"कोणाची शादी?"

मी वळले. हे माझ्याकडे बघत होते. पुन्हा म्हणाले, "कोणाकडची पत्रिका आहे? कधी जायचं?" आणि मग माझं नाव घेतलं. माझंच.

 डॉक्टर खाटेजवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "दादा, ते लग्न झालं. जेवण बुडालं आपलं." हे म्हणाले, अरेरे. सिस्टर हसता हसता डोळे पुसत बाहेर गेल्या. दीर पाणसळ हातात घेऊन तसेच उभे होते.

एक दिवस नळी बंद ठेवून पाहिली. ताप आला नाही, डोकं दुखलं नाही. तपासणीचे कागदही चांगले आले. मग डॉक्टरांनी मणक्यातली नळी काढली, वर एक टाका घातला. यांना दोन उशा दिल्या. मी चादर बदलत होते. डॉक्टर हात धुऊन परत आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. यांना काय झालं होतं ते सगळं त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मग म्हणाले, "दादा, ती घाण ऑपरेशनातून आत गेली होती. ऑपरेशन मी केलं होतं. तुम्ही शुद्धीवर नव्हता म्हणून तुमच्या घरच्यांना सांगितलं. पण डोकं तुमचं आहे, तुम्हाला सांगायला पाहिजे."

एवढं बोलून ते थांबले. शाळेत मास्तरांसमोर पोर उभं राहतं तसे. यांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मी चादर धरून तशीच. हे रागीट आहेत, मला माहीत आहे. वायरमन उशिरा आला तरी ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

हे म्हणाले, "उभे कायले? बसा न."

डॉक्टर स्टुलावर बसले.

"आम्ही केळीचा कंद लावतो," हे म्हणाले. हळूहळू, दम घेत घेत. "आधी सोलून काढतो, औषधाच्या पाण्यात बुडवतो, मंग लावतो. तरी शंभरात एखादा सडते. मंग काय लावणं सोडून देतं कोणी?"

 डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "किती वेळ बुडवता?"

"अर्धा तास."

"आणि पाणी? प्रत्येक वेळी नवं घेता, की तेच वापरता?"

हे सांगू लागले. कोणता कंद निवडायचा, त्यावर डोळा कसा पाहायचा, पाणी कधी बदलायचं, गेल्या साली वरच्या पट्ट्यात काय बिघडलं होतं. डॉक्टर गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून चादरीचे कोपरे खोचत होते, जे खोचून कधीच झाले होते. मी फक्त यांचं बोलणं ऐकत होते. एक वाक्य संपत होतं, त्याला धरून दुसरं येत होतं, मधे कुठेच तुटत नव्हतं.